कात्रीबाईंचं कोरं पान

आमच्या ऑफिसात सगळ्यांना पगार मिळायचा तो चांगलं बोलण्याचा. खरं बोलण्याचा पगार एकट्या कात्रीबाईंना मिळत असे, आणि तोही साहेबांच्या कधी लक्षात आलं नाही म्हणून.

आमची फर्म जनसंपर्काची. कंपन्यांचं नाव लोकांच्या कानावर चांगल्या शब्दांत पडत राहील हे आम्ही बघतो. मी तिथं प्रसिद्धिपत्रकं लिहिते. एखाद्या कंपनीनं काही केलं की त्याची बातमी तयार करून वर्तमानपत्रांकडे धाडायची, एवढंच माझं काम. ती बातमी दुसऱ्या दिवशी छापून आली का, कुठल्या पानावर आली, केवढी आली, हे बघायचं काम बाईंचं. सकाळी साडेसातला त्या ऑफिसचं कुलूप काढत. टेबलावर अठरा वर्तमानपत्रं, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हातात स्टीलची पट्टी आणि गळ्यात जाड दोरीला बांधलेली कात्री. कात्री गळ्यात, कारण टेबलावर ठेवली की कुणीतरी उचलून नेतं आणि मग सगळे कानांवर हात ठेवतात. बातमी कापायची, पट्टीनं मोजायची, क्लायंटच्या फायलीत चिकटवायची आणि खाली शाईच्या पेनानं वर्तमानपत्राचं नाव, पान, तारीख, सेंटिमीटर लिहायचे. ती फाइल समोर ठेवली की क्लायंटचा चेहरा खुलतो. कंपनी पुढच्या वर्षी आमच्याकडे राहणार की नाही, ते त्या फायलीवर ठरतं.

सत्तावीस वर्षं त्यांनी ही पट्टी चालवली. एकदा साहेब म्हणाले, "बाई, शेजारचा फोटोपण धरा की मोजताना."

"तो दुसऱ्याच बातमीचा आहे."

"असू दे हो, चिकटून तर आहे."

"आमच्या घराला चिकटून बँक आहे साहेब. मी श्रीमंत झाले का?"

साहेब हसले. तेव्हा ते हसायचे. बाईंचं बोलणं त्यांनी गंमत म्हणून घेतलं होतं, तसंच सगळ्यांनी घेतलं होतं. मी नवीन असताना मलाही वाटायचं की म्हातारी जरा तिरसट आहे, बाकी काही नाही.

मी म्हातारी म्हणते खरी, पण त्या पंचविशीत टायपिस्ट म्हणून इथं आल्या. लग्नाला वर्ष झालं होतं. नवरा दूरच्या नोकरीवर जाताना म्हणाला, "महिन्याभरात बोलावून घेतो." त्या वाक्यावर बाईंनी तीन वर्षं काढली. चौथ्या वर्षी त्यांनी वाट बघणं सोडलं, धाकट्या भावाच्या घरी खोली घेतली आणि तेव्हापासून 'करतो', 'बघतो', 'होऊन जाईल' या शब्दांवर त्यांचा राग बसला तो बसलाच. भाऊ बसचालक, भावजय शिवणकाम करणारी, दोघंही सरळ माणसं. भाऊ अजूनही त्यांना सांगतो, "ताई, पाण्यात राहून माशाशी वैर करू नकोस." बाई म्हणतात, "मासाच वैर करत असेल तर?"

पाच-सहा वर्षांपूर्वी साहेबांच्या मनात आलं की फर्मनं समाजासाठीही काही करावं. दरवर्षी एका क्लायंटला हाताशी धरायचं, एखाद्या गरजू संस्थेला काही द्यायचं, दोघांचंही नाव व्हायचं. कल्पना वाईट नव्हती. पण काम कुणालाच नको होतं. शेवटी बाईंच्या गळ्यात पडलं, कारण साहेबांच्या मते अकरानंतर त्या मोकळ्याच असतात.

बाईंनी दानालाही पट्टी लावली. एका कंपनीनं वृद्धांच्या आश्रमाला नव्वद कंपासपेट्या पाठवल्या, कारण गोदामात कंपासपेट्या उरल्या होत्या. बाईंनी ट्रक दारातूनच परत पाठवला. वर कंपनीच्या माणसाला फोन करून विचारलं, "आजोबांनी आता वर्तुळं काढायची का?" आठ दिवसांनी त्याच कंपनीकडून चाकांच्या खुर्च्या आल्या. आम्ही खूप हसलो त्या दिवशी. असं दरवेळी जमेल अशी मला तेव्हा खात्री वाटत होती.

आता लिफ्टची गोष्ट.

बाईंच्या फायली ज्या कारखान्यातून यायच्या तो एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर होता. चौदा बायका तिथं वह्या, फायली, नोंदवह्या बांधत. चौदापैकी सहाजणींना चालता येत नव्हतं किंवा धड येत नव्हतं. तळमजल्यावर लोखंडी सामानाचं दुकान, मालक ती जागा सोडायला तयार नाही. म्हणून पाचजणींना हमाल पाठीवर बसवून वर नेत असे. सहावी होती वहीवाली. तिथली सगळ्यांत जुनी कारागीर. लहानपणापासून पाय निकामी. ती कुणाच्या पाठीवर बसत नसे. जिन्याकडे पाठ करून बसायची, दोन्ही हात मागच्या पायरीवर टेकायचे, अंग वर ओढायचं. अडतीस पायऱ्या. रोज वर, रोज खाली, बावीस वर्षं.

त्या वर्षी तिचा उजवा खांदा गेला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की आता जिना बंद, नाहीतर हातही पायांसारखा होईल. घरी बसून बांधणी होत नाही, यंत्र वर आहे. म्हणजे लिफ्ट आली तर वहीवालीचं काम राहणार होतं आणि नाही आली तर सुटणार होतं. गोष्ट एवढी साधी होती.

आमचा सगळ्यांत मोठा क्लायंट लिफ्ट बनवणारी कंपनी. बाईंनी साहेबांना गाठलं, साहेबांनी कंपनीला. कंपनीचा प्रसिद्धी बघणारा अधिकारी, ज्याला आम्ही टायवाला म्हणायचो, तो लगेच हो म्हणाला. जिन्याशेजारी लिफ्टसाठी भिंती उभ्या राहिल्या. बाई स्वतः कारखान्यात गेल्या आणि वहीवालीला म्हणाल्या, "अगं, एक महिना रजा घे. महिन्यानं लिफ्टमधून वर ये. माझा शब्द."

"तुमचा शब्द आहे ना ताई? मग घेते," वहीवाली म्हणाली. त्यावेळी मी शेजारीच उभी होते.

आमच्या धंद्याची एक पद्धत आहे. बातमी आदल्या दिवशीच लिहून ठेवतात. समारंभ व्हायचा असतो, पाहुण्यांनी भाषण करायचं असतं, पण माझ्या कागदावर ते होऊन गेलेलं असतं, टाळ्यांसकट. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही, कारण दुसऱ्या दिवशी ते घडतंच. लिफ्टचं यंत्र यायला आठ दिवस उशीर होता, पण कंपनीच्या अध्यक्षांना त्याच तारखेला वेळ होता. म्हणून टायवाल्यानं तळमजल्यावर लिफ्टचा दरवाजा तेवढा बसवून घेतला. चकचकीत स्टीलचा. त्याला लाल फीत. अध्यक्षांनी फीत कापली, फोटो निघाले, आणि मी आदल्या दिवशी लिहिलेलं पत्रक सगळीकडे गेलं: लिफ्ट सुरू झाली, बांधणी करणाऱ्या भगिनी आता अर्ध्या मिनिटात दुसऱ्या मजल्यावर पोहोचतात. दरवाजामागं काय होतं? चार भिंती आणि वर आभाळाचा चौकोन. बाळाच्या आधी बारसं उरकलं होतं.

बारा फेब्रुवारीला बातमी आली. सगळ्यांत मोठ्या वर्तमानपत्रात फोटोसकट अठ्ठावीस सेंटिमीटर.

आठ दिवस गेले, यंत्र आलं नाही. महिना गेला. बाई दर सोमवारी अकरा वाजता टायवाल्याला फोन लावत. पहिल्यांदा यंत्र वाटेत होतं. मग सुटे भाग यायचे होते. मग सही व्हायची होती. मे महिन्यात टायवाला हसून म्हणाला, "बाई, घाई काय आहे आता? बातमी तर छान आली ना!"

बाईंनी फोन ठेवला. मला तेव्हा कळलं. कंपनीला लिफ्टची बातमी हवी होती, ती मिळाली होती. मी लिहून दिली होती. त्या दिवशी मला माझ्या हाताची किळस आली, हे मी आजही सांगते.

वहीवालीची एका महिन्याची रजा चार महिन्यांची झाली. तिच्या जागी दुसरी बाई बघू लागले. ती फोनवर एवढंच विचारायची, "ताई, या आठवड्यात?" आणि बाई म्हणायच्या, "नाही गं. पण मी आहे." बाईंना 'होऊन जाईल' म्हणता येत नव्हतं, ते त्यांच्या तोंडातून निघतच नसे.

साहेबांना बाईंनी दोनदा सांगितलं. साहेब वाईट माणूस नाहीत. त्यांनी ही फर्म एका भाड्याच्या टेबलावर सुरू केली होती. ते म्हणाले, "बाई, ही कंपनी गेली तर चार जणांना घरी पाठवावं लागेल. त्यात ही लिहिणारी पण आहे." माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि त्या गप्प बसल्या. माझ्यामुळे गप्प बसल्या, याचा मला फार राग आला, त्यांचा आणि माझाही.

सप्टेंबरात कंपनीचा करार नव्यानं व्हायचा होता. मोठ्या खोलीत बैठक. टायवाला, त्याच्या कंपनीच्या संचालिका, आमचे साहेब, मी आणि फाइल घेऊन बाई. संचालिका शांत बाई होत्या, पानं स्वतः उलटत होत्या. फेब्रुवारीवर येऊन थांबल्या.

"हे पान कोरं कसं?"

पानाच्या मधोमध पेन्सिलीनं एक चौकट आखली होती. अठ्ठावीस सेंटिमीटरची. आत काही नाही.

टायवाला पुढे वाकला. "लिफ्टची बातमी कुठं आहे? एवढी मोठी आली होती!"

"माझ्या ड्रॉवरमध्ये आहे," बाई म्हणाल्या. "चिकटवायची राहिली आहे."

"सात महिने?"

"मी घडलेल्या गोष्टीची कात्रणं चिकटवते. लिफ्ट वर्तमानपत्रात आली, इमारतीत आली नाही."

साहेबांनी खुर्ची सरकवली. "बाई, आपण नंतर बोलू."

"नंतर नको साहेब. नंतरला मी फार ओळखते." बाईंनी फायलीखालून दोन कागद काढले आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. "आपल्याकडे बातमी आधी लिहायची पद्धत आहे. म्हणून मीही आधीच लिहिल्यात. दोन. पहिल्यात कंपनीनं दिलेला शब्द पाळून लिफ्ट सुरू केली, असं आहे. दुसऱ्यात फेब्रुवारीतली बातमी चुकीची होती, दरवाजामागं काहीच नाही, वाचकांची माफी मागतो, असं आहे. पाच ऑक्टोबरपर्यंत मी वाट बघेन. त्या दिवशी यातली जी खरी असेल ती जाईल."

संचालिका टायवाल्याकडे वळल्या. "लिफ्ट बसली नाही?" त्यानं टाय सारखा केला. संचालिकांना खरंच ठाऊक नव्हतं असं मला वाटलं. कदाचित ठाऊक असूनही नसेल, मोठ्या लोकांचं काही सांगता येत नाही.

मग टायवाल्याला कंठ फुटला. "आमच्याच पैशावर जगायचं आणि आम्हालाच धमकी? तुमचं पत्रक छापणार कोण? एका कात्रणं कापणाऱ्या बाईचं?"

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या. बाई मात्र अजिबात तापल्या नाहीत. "सत्तावीस वर्षं रोज सकाळी मी अठराही ठिकाणी फोन करते. कुठल्या पानावर काय आलं ते विचारते. आजवर एकदाही कुणाला बातमी छापा म्हणून म्हटलेलं नाही. एकदा म्हणून बघते."

"बाई, बाहेर जा," साहेब म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण मी त्यांना तसं कधी ऐकलं नव्हतं.

बाई उठल्या. आणि इतका वेळ टेबलाखाली हात चोळत बसलेली मी, कुठून आलं कोण जाणे, बोलले, "फेब्रुवारीची बातमी मी लिहिली होती. खोटी ठरली तर दुरुस्तीही माझ्याच नावानं जाईल. त्यांच्या एकट्यांच्या नाही." दुसऱ्या कागदावर बाईंच्या सहीखाली मी सही केली. सही नीट आलीच नाही.

बाहेर आल्यावर बाईंनी मला झापलं. "तुला कुणी सांगितलं होतं मध्ये तोंड घालायला? माझं काय, मी उद्या घरी बसेन, भावजयीला शिवणात मदत करेन. तुझं काय?"

"मीपण शिवण शिकेन," मी म्हटलं.

"तुला सरळ रेघ मारता येत नाही, शिवणार काय डोंबल!" त्या म्हणाल्या, आणि मग दोरीची कात्री गळ्यातून काढून उगीचच माझ्या टेबलावर ठेवून पाणी प्यायला गेल्या.

पुढचे दिवस ऑफिसात अळीमिळी गुपचिळी. कुणी आमच्याशी बोलेना. साहेब आमच्या टेबलांकडे न बघता जात. बाईंनी रोज सकाळी साडेसातला कुलूप काढलं, अठरा वर्तमानपत्रं उघडली, फोन लावले. पंचवीस तारखेला कारखान्याच्या दारातून वहीवालीचा फोन आला. ती ओरडत होती. "ताई, ट्रक आलाय! माणसं आलीत! मोठं चाक उतरवतायत!"

"माणसं कुणाची ते विचारलंस का?" बाई म्हणाल्या. त्यांनी खात्री करून घेतली, मगच खाली बसल्या.

लिफ्ट बसली. आमच्या सह्यांचा तो दुसरा कागद पाठवावा लागला नाही. मात्र करार झाला नाही. कंपनी दुसऱ्या फर्मकडे गेली, कारण लिफ्ट देणं त्यांना परवडत होतं, आम्ही परवडत नव्हतो. साहेबांनी कुणाला घरी पाठवलं नाही. कसं जमवलं ते त्यांनाच माहीत, त्यासाठी मी त्यांना मनापासून मानते. बाईंकडून मात्र त्यांनी कात्रणं काढून घेतली. ते काम आता संगणकावर बाहेरून होतं. दानाचं कामही काढलं. बाईंना दारातल्या टेबलावर बसवलं, येणाऱ्याजाणाऱ्याची नोंद करायला. सगळ्यांना वाटलं की त्या राजीनामा देतील.

"का देऊ?" बाई म्हणाल्या. "दारात बसवलंय, दाराबाहेर नाही. उलट आता कोण कशाला येतो ते मला सगळ्यांच्या आधी कळेल."

चार ऑक्टोबरला लिफ्ट चालू झाली. फीत नाही, फोटो नाही, अध्यक्ष नाहीत. बाईंनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, मी सरळ आजारी पडले. बाईंच्या काखेत लिफ्ट कंपनीची ती फाइल होती. नवीन फर्मकडे जायची होती, उद्या देते म्हणून त्यांनी ठेवून घेतली होती. वहीवाली दरवाजासमोर चाकाच्या खुर्चीत बसली होती. आत गेली, बटण दाबलं, दरवाजा मिटला. आम्ही खाली उभ्या. पंचवीस-तीस सेकंद झाले असतील. वरून तिचा आवाज आला, "ताई! मी वर आहे!"

बाई रडल्या. मी त्यांना रडताना एकदाच पाहिलं, ते तेव्हा. मग त्या जिन्यानं वर गेल्या, गुडघा धरत, मध्ये दोनदा थांबत. मी म्हटलं, लिफ्ट आहे की. त्या म्हणाल्या, "मला मोजायच्या आहेत." वर पोहोचल्यावर वहीवालीला म्हणाल्या, "अडतीस. बरोबर सांगत होतीस तू."

वहीवालीच्या यंत्राशेजारी बसून त्यांनी फाइल उघडली. पर्समधून ते पिवळं पडायला लागलेलं कात्रण काढलं. खळ वहीवालीनं दिली. कात्रण चौकटीत बरोबर बसलं. खाली त्यांनी शाईच्या पेनानं वर्तमानपत्राचं नाव लिहिलं, पान लिहिलं, अठ्ठावीस सेंटिमीटर लिहिलं, आणि तारखेच्या जागी लिहिलं: चार ऑक्टोबर.

आठ-दहा दिवसांनी मी दाराशी चहा घेऊन बाईंजवळ उभी असताना फोन वाजला. टायवाला होता. इतक्या मोठ्यानं बोलत होता की मला सगळं ऐकू येत होतं. कंपनीच्या वार्षिक पुस्तिकेत ते पान छापायचं होतं, पण तारीख चुकलेली होती. लोक विचारतील, फेब्रुवारीची बातमी ऑक्टोबरात कशी? तेवढं नवं पान करून द्या, किंवा तारीख खोडा.

"खोडता येणार नाही, शाई आहे," बाई म्हणाल्या. "आणि तारीख चुकलेली नाही हो. बातमीच लवकर आली होती."

त्यांनी फोन ठेवला आणि समोरच्या नोंदवहीत, आलेल्या फोनच्या रकान्यात, त्याचं नाव आणि वेळ लिहून ठेवली.